वेड्या बाभळीखालची माती

कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून जी लांब पट्टी आहे, तिच्यातल्या एकाच खड्ड्यात मी तीन वर्षांत तीन झाडं लावली. पहिलं कडुनिंबाचं, दुसरं करंजाचं, तिसरं परत कडुनिंबाचं. झाड वाळलं की उपटायचं, नवं आलं की त्याच खड्ड्यात ठेवायचं आणि त्याच काठीला बांधायचं. काठी तेवढी टिकली. मला तर वाटायला लागलं होतं की आम्ही काठीलाच पाणी घालतो आहोत.

कारखाना तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैला आहे, गाड्यांचे सुटे भाग तिथे बनतात. ह्यांचा कारखाना त्याच रस्त्यावर, दोन फाटकं सोडून पुढे. ह्यांना चाकणहून इकडे धाडलं तेव्हा मीही आले, आणि भाड्याच्या खोलीत एकटी बसून कंटाळले म्हणून बागेच्या कामाला लागले. आम्ही पाच बायका आणि आमच्यावर एक मेस्त्री, म्हणजे आमच्याकडे मुकादम म्हणतात तो. झाडं लावायची, पाणी द्यायचं, मेलेली मोजायची, पुन्हा लावायची.

लावायचीही जूनमध्ये. झाडांचा एक दिवस असतो तो जूनमध्ये येतो, त्या दिवशी मोठे साहेब टोपी घालून रोप खड्ड्यात ठेवतात आणि फोटो निघतो. आमच्याकडे जूनमध्ये लावलेलं जगतं, कारण मागून पाऊस येतो. इथे जून म्हणजे आगीत उभं राहणं. पाऊस दिवाळीच्या तोंडावर. तोवर रोपाचं काय होत असेल ते सांगायला शहाणपण लागत नाही. पण दिवस तो दिवस. दर वर्षी मी त्या फोटोच्या कडेला पाण्याची बादली घेऊन उभी असते.

आणि माती. तिला माती म्हणायचं तर म्हणा. कारखाना बांधताना उरलेली खडी, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे असं सगळं मागे लोटून वर मुरूम पसरलेला. पहारीनं खणताना ठिणगी उडते. त्याच्याही आधी ह्या जागेवर वेड्या बाभळीचं रान होतं. इथले लोक तिला सीमै करुवेलम म्हणतात. सीमै म्हणजे गोऱ्या साहेबांच्या देशातली, परकी. यंत्र लावून ती बाभूळ पाडली पण मुळं खालीच राहिली, आणि मधूनच कुठेतरी ती काट्यांचं बोट वर काढते.

हे मला सांगितलं अक्कानं. अक्का आमच्यात सगळ्यात मोठी, जवळच्याच गावची. लहानपणी ती ह्या जागेवर शेळ्या चारायची. आता मुलगा आणि सून यांच्या घरात राहते. सून वाईट नाही, पण दिवसभर टीव्ही लावून बसते आणि सासूनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तिला चालत नाही. अक्का म्हणायची, इथे यायला मिळतं म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकावर. साडीवरून पुरुषाचा शर्ट, डोक्यावर टॉवेल, त्यावर कंपनीची पिवळी टोपी. मला तमिळ आलं ते बरंचसं तिच्याकडून. ती माझ्या चुका दुरुस्त करत नसे, फक्त मी म्हटलेलं नीट करून पुन्हा म्हणायची, मग मी तसं म्हणायची.

आता साहेबांबद्दल. कारखान्याची स्वच्छता, पाणी, झाडं हे सगळं ज्यांच्याकडे आहे ते साहेब तंजावरकडच्या मराठी घरातले. मला ते ठाऊक नव्हतं. एकदा पायात काटा गेला म्हणून मी स्वतःशीच मराठीत करवादले, आणि मागून आवाज आला, “तुम्ही मराठी माणूस कीं?”

मी उठून उभी राहिले आणि खाली बघत राहिले. कोणी नवीन माणूस बोललं की माझं हे असंच होतं, लहानपणापासून. शाळेत चौथीपर्यंत मी एकदाही हात वर केला नाही. उत्तर येत असायचं तरी नाही.

साहेब मात्र हरखून गेले होते. म्हणाले, “आमच्या घरीं हेंच बोलतों. एवढीं वर्षें झालीं, सोडिलें नाहीं.” त्यांची मराठी मला अर्धी कळायची. शब्द जुने, देवळातल्या पोथीतून उठून आल्यासारखे, आणि त्यात तमिळ मिसळलेलं, चालही तमिळची. दर वाक्य वर चढून थांबायचं. घरात मुलं आता मराठी बोलत नाहीत, आई होती तोवर ती बोलायची, आता कोणाशी बोलू असं त्यांनी मला सांगितलं. मला वाईट वाटलं. तेव्हापासून रोज फेरीला आले की ते माझ्यापाशी थांबायचे आणि काहीतरी विचारायचे.

ते विचारायचे ते मातीबद्दल, झाडांबद्दल. देशावरच्या माणसाला शेती कळते असं त्यांनी धरून टाकलं होतं. माझे वडील एसटीच्या डेपोत टायरमध्ये हवा भरायचे. आमची शेती कधीच नव्हती. मला ठाऊक असलेलं एकच झाड म्हणजे वेडी बाभूळ, कारण आई सरपणासाठी तीच तोडायची आणि मोळी बांधायला मी जायची. हे साहेबांना सांगायला हवं होतं. मी “हो” म्हणायची. खत जास्त झालं का? हो. पाणी पुरतं का? हो. त्यांच्या तोंडावर इतका आनंद असायचा की दुसरं काही म्हणवत नसे, आणि म्हणायला जीभ उचलावी लागते.

तिसऱ्या वर्षीची झाडं मेली तेव्हा अक्का मेस्त्रीला म्हणाली की इथे कडुनिंब-बिंब पुरे, सवुक्कु लावा. सवुक्कु म्हणजे सुरू, समुद्राकडे ज्याच्या रांगा असतात ते. वाळूत येतं, खडीत येतं, वारं अडवतं. पण त्याची एक अट आहे. जुन्या सुरूच्या बनातली माती आणून नव्या खड्ड्यात दोन-दोन मुठी टाकावी लागते. लग्नाआधी अक्का महाबलीपुरमच्या बाजूच्या रोपवाटिकेत कामाला होती, तिथे पिशव्या भरताना असंच करत. तिनं सांगितलं की सुरूच्या मुळांवर गाठी असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, पण घोसानं. त्या गाठी झाडाला पोसतात. त्या कशानं येतात ते तिला सांगता येत नव्हतं, पण जुन्या मातीतून येतात एवढं तिनं पाहिलं होतं. ती माती टाकली नाही तर रोप पिवळं पडून तसंच उभं राहतं.

मेस्त्री हसला. म्हणाला, माती म्हणजे माती, आता तिचीही जात बघायची काय.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला विचारलं की आता काय लावावं. तेव्हा मात्र, कसं कोण जाणे, मी बोलले. अक्काचं सगळं त्यांना सांगितलं. मुळांवरच्या गाठींचं ऐकून ते म्हणाले, हें कसें? मी म्हटलं, दह्याला विरजण लागतं ना, तसं. बस, ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते ऑफिसात, कँटीनमध्ये, सगळीकडे सांगितलं. मातीला विरजण. आमच्या मराठी बाईंनी शोधिलें. मी दोनदा म्हटलं की हे अक्काचं आहे. एकदा तर त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. ते म्हणाले, “असो, असो, तुम्ही सांगिटलेत म्हणून मज कळलें.” अक्का तिथेच पाइप धरून उभी होती. तिला मराठी येत नाही, पण आपल्या बोलण्याचं श्रेय कोणाच्या पदरात पडतंय हे कळायला भाषा लागत नाही. ती म्हणाली, “घे ग, घे. मला त्या श्रेयाचं काय करायचंय, मला झाडं जगलेली बघायची आहेत.”

ह्या खेपेला जून टळला. मोठे साहेब परदेशी गेले होते म्हणून. सुरूची रोपं सप्टेंबरात आली, पोटरीएवढी, सुयांसारख्या पानांची. खड्डे खणून तयार होते. आता माती समुद्राकडून यायची होती.

माती आली त्या दिवशी अक्का नव्हती. तिच्या भावाच्या नातीचे कान टोचायचे होते म्हणून ती त्याच्या गावाला गेली होती. दुपारी चार ट्रक लागले, आणि बघते तर माती काळी. समुद्राकडची माती वाळूची, फिकी असते, एवढं मलाही माहीत होतं. ही काळी, भुसभुशीत, वरून हात फिरवावा अशी. मी ढिगाजवळ गेले, मूठ भरून घेतली. त्यात शेंगांचे तुकडे होते, पिवळे, वाकडे, मण्यांसारख्या फुगवट्यांचे. असल्या शेंगा मी लहानपणी शेळ्यांना घातल्या होत्या. माती वेड्या बाभळीच्या रानाखालची होती. इथून जवळच एका मोकळ्या जागेवर नवीन शेड उभारायला रान साफ करत होते, मेस्त्रीनं तिथलीच वरची माती उचलून आणली होती. समुद्र लांब. हे जवळ. आणि दिसायला बघा किती छान.

दिसायला छान असतेच ती. वर्षानुवर्षं पाला पडून कुजलेला, शेळ्यांच्या लेंड्या, सावली. पण त्या बाभळीखाली दुसरं गवतसुद्धा नीट येत नाही. आणि तिचं बी त्या मातीत कितीतरी वर्षं पडून राहतं आणि पाण्याची वाट बघतं. आमच्या गावात एकानं अशीच माती विहिरीच्या बाजूला पसरली होती. पुढे त्याला विहिरीकडे जायची वाट कोयत्यानं काढावी लागायची.

तेवढ्यात साहेब आले. मागे मेस्त्री, ट्रकवाले, बाकीच्या बायका, ऑफिसातली दोन माणसं फोटो काढायला. साहेबांनी माती हातात घेतली, वास घेतला, आणि सगळ्यांसमोर मला मराठीत विचारलं, “बाई, ही पाहा. जुन्या झाडांखालचीच मण्णु. बरी आहे कीं?” मण्णु म्हणजे माती. हरखले की तो शब्द त्यांच्या तोंडी तमिळच यायचा.

सगळे माझ्याकडे बघत होते. मेस्त्री तर जास्तच. माझ्या मुठीत शेंगेचा तुकडा होता. उघडून दाखवला असता तरी पुरे होतं, बोलायचीही गरज नव्हती. मी मूठ आवळली आणि म्हटलं, “हो.”

ते म्हणाले, भरा.

ह्या “हो”चा मला अजून राग येतो. मेस्त्रीचा येतो, त्याचा तर रोजच येतो. साहेबांचाही येतो, ज्यांनी साडी नेसलेल्या पहिल्या मराठी बाईला शेतीतली तज्ज्ञ करून टाकलं. पण ते एक अक्षर माझं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे भरले, रोपं लागली. दुसऱ्या दिवशी अक्का आली, वाकली, एका खड्ड्यातली माती बोटांनी चाळली आणि शेंग काढून मेस्त्रीसमोर धरली. मेस्त्रीनं सांगितलं की साहेबांनी पास केलं आहे, त्यांना जाऊन विचार. अक्का माझ्याकडे वळली. म्हणाली, तू होतीस ना काल? मी म्हटलं, होते. पुढचं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती साहेबांकडे जाते म्हणाली तर मेस्त्रीनं तिला पुढच्या फाटकाच्या हिरवळीवर पाठवून दिलं आठवडाभर.

मग पाऊस लागला. इकडचा पाऊस आला की थांबायचं विसरतो. आठ दिवस आम्ही पोत्यांच्या खोळी करून शेडमध्ये बसलो. उघडीप झाल्यावर पट्टीवर गेलो तर सगळी पट्टी हिरवी. प्रत्येक खड्डा असा गच्च, जसा मेथीचा वाफा. साहेब चिखलात बूट घालून आले आणि नुसते हसत सुटले. त्यांनी घरी बायकोला व्हिडिओ कॉल लावून सगळी पट्टी दाखवली. मला म्हणाले, पाहा, विरजण लागलें. मला कळेना कुठे बघू. हिरवं होतं ते सुरू नव्हतंच. इवलीइवली, पिसासारखी, जोडीजोडीची पानं. एकेका खड्ड्यात वीस-वीस, तीस-तीस वेड्या बाभळी, आणि मधे कुठेतरी सुरूचं रोप, पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखं.

अक्का जवळच उभी होती. तिनं कमरेवर हात ठेवले आणि तमिळमध्ये साहेबांना म्हणाली, “सार, फोटो आत्ताच काढून घ्या. महिनाभरानं इथे पाय ठेवता येणार नाही.” साहेबांना वाटलं झाडं इतकी दाट होतील. ते आणखी खूश झाले.

पुढचे दोन महिने आम्ही उपटत होतो. करुवेलमचं रोप बोटभर असलं तरी मूळ हातभर. ओढलं तर मधेच तुटतं आणि तुटलं की खालून पुन्हा फुटतं. हळूच सैल करून काढावं तर शेजारच्या सुरूची मुळं उघडी पडतात. आमच्या हातमोज्यांना आरपार छिद्रं. रात्री सुईनं काटे काढायचे, सकाळी पुन्हा तेच. एक खड्डा साफ करून दहा पावलं पुढे जावं आणि मागे वळून बघावं तर तिथे नवीन दोन. सुरूची रोपं बरीचशी जगली, पण पिवळी, आहे तेवढीच. अक्कानं एक मेलेलं उपटून मुळं मला दाखवली. एकही गाठ नव्हती. “आपली माती मिळालीच नाही त्याला,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरात दिलेल्या पोरीसारखं झालं.” आणि मग म्हणाली, “पण तुला तर ठाऊक होतं ना ग, करुवेलमची माती कशी असते? तूच सांगायचीस, आईबरोबर सरपणाला जायचीस म्हणून.” मी म्हटलं, त्या दिवशी लक्ष नव्हतं. खोटं बोलायला माझी जीभ बरी चालते असं मला तेव्हा कळलं.

मोठे साहेब परत आले. बाहेरचे कोणीतरी लोक कारखाना बघायला येणार होते, त्यात झाडंही बघणार होते. पट्टी बघून मोठे साहेब चिडले. कोणी आणली ही माती, कोणाची कल्पना? मेस्त्री म्हणाला, जुन्या झाडाखालची माती आणा असं म्हातारी सांगत होती, सगळ्या बायकांनी ऐकलं आहे. झालं. कौतुक होतं तेव्हा कल्पना माझी होती, आता ती अक्काची झाली.

शनिवारी काम सुटताना साहेबांनी मला बाजूला बोलावलं. फार हळू बोलले. अक्काला सोमवारपासून बोलावणार नाही, वयही झालं आहे तिचं. तुम्ही वाईट वाटून घेऊं नका. आणि आतां बायकांवर तुम्हांसच नेमितों, तुम्हांस कळतें. मी मान हलवली. बसथांब्यावर अक्का उभी होती. तिला मेस्त्रीनं आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, आता सुनेबरोबर बसून मालिका बघेन, कोण कोणाची सवत ते तरी कळेल. आणि तिची बस आली.

रविवारी ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, अगं, तुझं नाव आलं नाही ना, मग गप्प बस की, गप्प बसणं तुला जमतं तेवढं कोणालाच जमत नाही. चिडवायला म्हणाले, पण मी ताटावरून उठले. खरंच तर होतं. भांडी घासून झाल्यावर मी वही काढली. समोर उभं राहून मला जन्मात सांगता आलं नसतं. कागदावर सांगता येईल असं वाटलं. मराठीतच लिहिलं, तमिळ मला लिहिता येत नाही आणि साहेब तर मराठी. चार वेळा फाडून पाचव्या वेळी दोन पानं झाली. सगळं लिहिलं. विरजण अक्काचं, शेंग माझ्या मुठीत, माती कुठली ते मला कळलं होतं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, मेस्त्रीनं समुद्राकडे ट्रक पाठवलाच नव्हता, अक्का त्या दिवशी कामावर नव्हती, हजेरीत बघा. कमी करायचं तर मला करा.

सोमवारी सकाळी अक्का फाटकावर होती. टोपी, बूट आणि ओळखपत्र परत करायला आली होती, आणि फाटकावरचा माणूस तिला साहेब येईपर्यंत थांब म्हणत होता. मी तिच्याकडे न बघता आत गेले आणि थेट साहेबांच्या खोलीत. मेस्त्री तिथे खुर्चीवर बसला होता. ते मी धरलं नव्हतं. पण परत फिरले असते तर पुन्हा आले नसते. मी कागद टेबलावर ठेवला आणि दाराकडे निघाले.

साहेब म्हणाले, थांबा. त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा लावला. मग जरा ओशाळून माझ्याकडे सरकवला. “बाई, मी बोलतों. वाचतां येत नाहीं. आमच्यांत मराठी तमिळ अक्षरांनीं लिहितात.” आणि म्हणाले, “तुम्हीच वाचून दाखवा.”

मी आयुष्यात इतकी कधी वैतागले नसेन. रविवारभर बसून मी बोलणं टाळायची सोय केली होती, आणि ह्या मराठी माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. मेस्त्री माझ्याकडे बघत होता. मी कागद उचलला. टेबलाला टेकून उभी राहिले आणि वाचलं. शाळेत धडा वाचायला सांगितल्यावर वाचतात तसं, एका सुरात, न थांबता. एकदा मधेच साहेब म्हणाले, हळू, कळेना. मग तो परिच्छेद पुन्हा वाचला. माझा खोटेपणा मला दोनदा वाचावा लागला.

संपल्यावर साहेबांनी मेस्त्रीला तमिळमध्ये सगळं सांगितलं. मेस्त्री म्हणाला, एवढ्या लांबून माती आणायची म्हणजे सार, ट्रक कुठून... आणि तिथेच थांबला. साहेबांनी हजेरी मागवली, अक्काच्या नावापुढची फुली बघितली. मग मला म्हणाले, “तेव्हांच कां नाहीं सांगिटलेत?”

मी म्हटलं, “तुम्ही विचारत होता तेव्हा नाही म्हणायला यावं लागतं. मला येत नाही.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, मज मराठींत कोणी तरी उत्तर द्यावें एवढेंच होतें, मी शेतीचें विचारिलें. आणि फोन उचलून त्यांनी फाटकावर सांगितलं की अक्काला आत सोडा, तिचं ओळखपत्र घेऊ नका. मला कमी केलं नाही. मला बायकांवर नेमण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, ते एक चांगलं झालं.

चार दिवसांनी मोठ्या साहेबांकडे लेखी गेलं. ऑफिसातल्या मुलीनं आम्हाला त्याचा मतलब सांगितला. त्यात माझं नाव नव्हतं, अक्काचं नव्हतं, मेस्त्रीचंही नव्हतं. पट्टीतली माती झाडांना योग्य नसल्याचे आढळले, ती काढून टाकण्यात यावी. इतकंच. मी दोन पानं लिहिली, मोठ्यानं वाचली, आणि शेवटी दोषी कोण, तर माती. मला वाटलं जाऊन ओरडावं की अहो, त्या सगळ्या भानगडीत आपल्या पोटात काय आहे ते खरंखरं दाखवणारी एकटी तीच होती. अर्थात गेले नाही.

अक्काला मी सगळं सांगितलं, माझ्या मुठीतल्या शेंगेसकट. तोवर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, मला दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर कळलं होतं, तुझ्या नखात काळी माती होती आणि डोळे खाली होते. मग तिनं विचारलं की त्या कागदात काय लिहिलंय म्हणतेस? मी पुन्हा सांगितलं. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि टॉवेलनं तोंड पुसत हसायला लागली.

“म्हणजे मातीला कामावरून काढलं,” ती म्हणाली. “आता तिला कोणाच्या सुनेकडे पाठवतात बघू.”

मेस्त्रीचा ट्रक आला. त्यात ती माती भरायची होती, आमच्याच हातांनी. कुठे नेणार विचारलं तर म्हणाला, त्या नव्या शेडच्या मालकाला बागेसाठी काळी माती हवी आहे. अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी फावडं खाली ठेवलं आणि साहेबांच्या खोलीकडे चालायला लागले. ह्या वेळी माझ्याकडे कागद नव्हता, आणि काय बोलायचं तेही ठरलं नव्हतं, एवढंच की सगळ्यांना कळेल असं तमिळमध्येच बोलायचं. अर्ध्या वाटेत मागून पावलं ऐकू आली. अक्का येत होती, टोपी हातात घेऊन, मला वाटेवर तमिळ शब्द नीट करून द्यायला.